दान, अनुदान आणि दाम : सटाण्याच्या संदर्भात कांदा अनुदानाची चिकित्सा

प्रस्तावना

शेतमालाचे भाव कोसळले की शासनाने अनुदान जाहीर करावे, ही मागणी महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात आता रूढ झाली आहे. आंदोलन होते, विधिमंडळात चर्चा होते, रक्कम जाहीर होते, काही महिन्यांनी ती शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते आणि पुढचा हंगाम येईपर्यंत विषय मागे पडतो. या प्रक्रियेत चर्चा होते ती प्रामुख्याने रकमेची. क्विंटलला किती रुपये मिळाले, ते पुरेसे होते काय, वेळेवर मिळाले काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु अनुदान हा शासन आणि शेतकरी यांच्यातील एक व्यवहार आहे. कोणत्याही व्यवहारात हिशेब कोणी कोणाला द्यायचा हे ठरलेले असते. अनुदानाच्या व्यवहारात ते कसे ठरते, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा सटाण्याच्या संदर्भात केली आहे. नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे मुख्यालय असलेले सटाणा हे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या ‘कसमादे’ पट्ट्यातील कांद्याचे महत्त्वाचे बाजारगाव आहे. सटाण्याची निवड केवळ एवढ्यासाठी केलेली नाही. शासनाच्या पैशाचे आणि शेतकऱ्याचे नाते कसे असावे, याविषयीच्या दोन अगदी भिन्न भूमिका या गावाच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. पहिली देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या आख्यायिकेत आहे, तर दुसरी शेतकरी संघटनेच्या जानेवारी १९८२ मधील सटाणा अधिवेशनात आहे. २०२३ च्या कांदा अनुदानाचा शासन निर्णय या दोहोंच्या शेजारी ठेवून वाचला असता त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

देवमामलेदार : दानाचे प्रतिमान

यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रजी अमलातील महसूल खात्याचे अधिकारी. मामलेदार म्हणून त्यांची सटाण्यास नेमणूक झाली आणि १८७०-७१ च्या सुमारास या भागात दुष्काळ पडला. लोकांचे हाल पाहून त्यांनी सरकारी खजिन्यातील १ लाख २७ हजार रुपये गरजूंना वाटून टाकले, असे परंपरा सांगते. वरिष्ठांकडून तपासणी झाली तेव्हा खजिना जसाच्या तसा भरलेला आढळला, असा या आख्यायिकेचा शेवट आहे. लोकांनी त्यांना ‘देवमामलेदार’ ही पदवी दिली. आरम नदीच्या काठी त्यांचे मंदिर आहे आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते. एका महसूल अधिकाऱ्याचे मंदिर व्हावे आणि त्याची यात्रा भरावी, ही घटनाच पुरेशी बोलकी आहे.

भरलेल्या खजिन्याचा चमत्कार हा श्रद्धेचा विषय असून त्याची शहानिशा करणे हा या लेखाचा हेतू नाही. चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती आख्यायिकेची रचना. या कथेत पैसे घेणाऱ्याकडे कोणी कागद मागत नाही. त्याची उपासमार हाच त्याचा पुरावा असतो. तपासणी होते ती देणाऱ्याची. नोकरी जाण्याचा, अब्रू जाण्याचा धोका देणारा स्वतःच्या शिरावर घेतो. लोकमानसाने ज्या गुणासाठी या मामलेदाराला देवत्व दिले तो गुण केवळ औदार्य नव्हे. घेणाऱ्यावर विश्वास ठेवून हिशेबाची जबाबदारी स्वतःकडे घेणे, असे त्याचे वर्णन करता येईल.

या प्रतिमानाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. देवमामलेदारांच्या हयातीतच, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. त्यातील सरकारी कामगारांचे चित्र या आख्यायिकेच्या नेमके उलट आहे. शेतकऱ्याला नाडणारी नोकरशाही हा फुल्यांच्या टीकेचा एक प्रमुख विषय होता. म्हणजे चांगला अधिकारी हा अपवाद होता आणि म्हणूनच तो देव ठरला. ज्या व्यवस्थेत न्याय मिळण्यासाठी अधिकाऱ्याला देव व्हावे लागते, त्या व्यवस्थेत शेतकऱ्याला हक्क नसतो; त्याच्या वाट्याला फार तर कृपा येते. दानाचे प्रतिमान कितीही हृद्य असले तरी ते व्यक्तीच्या सद्गुणावर उभे असते आणि ती व्यक्ती बदलली की कोसळते.

सटाणा अधिवेशन : दामाचे प्रतिमान

देवमामलेदारांच्या काळानंतर सुमारे ११० वर्षांनी, याच गावी, कृपेची ही कल्पना मुळातूनच नाकारली गेली. चाकण परिसरातील कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस व कांद्याच्या भावासाठी मोठे रस्ता रोको आंदोलन केले. त्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये संघटनेचे पहिले अधिवेशन सटाणा येथे भरले. शेतकऱ्याला भीक नको, घामाचे दाम हवे, ही संघटनेची भूमिका होती. सूट, सवलत आणि कर्जमाफी यांच्या मागण्यांनी सवयीच्या झालेल्या राजकारणात ‘उत्पादन खर्चावर आधारित भाव’ या एककलमी मागणीने एक वेगळी परिभाषा आणली.

या भूमिकेत हिशेबाची दिशा उलटते. येथे शेतकरी स्वतः हिशेब मांडतो आणि शासनापुढे ठेवतो. बियाणे, मजुरी, खते, पाणी, वाहतूक आणि स्वतःच्या कुटुंबाचे श्रम यांची बेरीज करून तो विचारतो, की या खर्चाहून कमी भाव मिळण्यास कारणीभूत कोण? जोशी यांनी पुढे मांडलेली ‘उणे सबसिडी’ची संकल्पना याच हिशेबाचे विस्तारित रूप आहे. खते आणि वीज यांवर शासन जे देते, त्याहून अधिक ते निर्यातबंदी, साठामर्यादा आणि आयात यांच्याद्वारे काढून घेते, असा तिचा आशय आहे. २०१८ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि भारतातील इक्रिअर या संस्थेने केलेल्या संयुक्त अभ्यासातही २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार त्याच्या ढोबळ शेती-उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के असल्याचे दिसून आले. आंदोलनाच्या व्यासपीठावरून मांडलेल्या सिद्धान्ताची दिशा चुकीची नव्हती, एवढे तरी यावरून म्हणता येते.

दामाच्या प्रतिमानालाही मर्यादा आहेत. ‘शेतकरी’ हा शब्द येथे एकसंध वर्ग म्हणून वापरला जातो. जमीन नावावर असलेला, ती वाट्याने कसणारा, त्यावर राबणारा मजूर आणि कुटुंबातील स्त्री, या सर्वांना चांगल्या भावाचा लाभ समान प्रमाणात मिळत नाही. चळवळीला याची जाणीव झाली होती. नोव्हेंबर १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतरच्या काळात संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रम हाती घेऊन शेतजमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हा प्रश्न तेव्हा घरातील न्यायाचा होता. अनुदानाच्या काळात तोच प्रश्न पात्रतेचा झाला.

कांदा अनुदान : शासन निर्णयाची संहिता

महाराष्ट्र शासनाने कांद्याला थेट अनुदान देण्याचा प्रयोग अलीकडच्या काळात तीन वेळा केला. जुलै-ऑगस्ट २०१६ मध्ये विकलेल्या कांद्यासाठी क्विंटलला १०० रुपये, २०१८-१९ मध्ये क्विंटलला २०० रुपये आणि २०२३ मध्ये क्विंटलला ३५० रुपये असा त्याचा चढता क्रम आहे. तिन्ही वेळा प्रतिशेतकरी मर्यादा २०० क्विंटलची होती. २०२३ मध्ये एका शेतकऱ्याला मिळू शकणारी कमाल रक्कम त्यामुळे ७० हजार रुपये होती.

२०२३ ची पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे. लेट खरिपाचा लाल कांदा, ज्याला या भागात ‘रांगडा’ म्हणतात, टिकाऊ नसतो. उन्हाळी कांद्याप्रमाणे तो चाळीत महिनोन्महिने ठेवता येत नाही. काढणी झाली की तो विकावाच लागतो. त्या वर्षी फेब्रुवारीत आवक एकदम वाढली आणि भाव कोसळले. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, वाहतूक, हमाली आणि तोलाई वजा जाता, अवघ्या २ रुपयांचा धनादेश मिळाल्याचे वृत्त देशभर गाजले. मार्चमध्ये दिंडोरीहून मुंबईच्या दिशेने किसान सभेचा लाँग मार्च निघाला. कांद्याचा भाव ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. याच दरम्यान अधिवेशनात प्रथम ३०० आणि नंतर ३५० रुपयांची घोषणा झाली आणि २७ मार्च २०२३ रोजी शासन निर्णय निघाला.

हा निर्णय एक संहिता म्हणून वाचला असता तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली गोष्ट दराची. अनुदानाचा दर सरसकट आहे. क्विंटलला १,००० रुपये मिळालेल्या आणि १०० रुपये मिळालेल्या दोघांनाही ३५० रुपयेच मिळणार होते. वर उल्लेखिलेला शेतकरी पात्र ठरला असे गृहीत धरले, तर ५ क्विंटल १२ किलोंसाठी त्याला १,७९२ रुपये मिळाले असते. ही रक्कम २ रुपयांच्या तुलनेत मोठी दिसते, परंतु ती त्याच्या तोट्यावरून काढलेली नाही. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये आणलेल्या भावांतर योजनेत निदान ठरावीक भाव आणि बाजारभाव यांतील फरक मोजण्याची कल्पना होती. त्या योजनेतही अनेक दोष निघाले. तरीही तिच्या नावातच तोट्याची कबुली होती. सरसकट दरात अशी कबुली नसते. किती नुकसान झाले हे न विचारताच किती द्यायचे हे ठरते.

दुसरी गोष्ट तारखांची. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात बाजार समिती, खासगी बाजार, थेट पणन परवानाधारक किंवा नाफेड यांच्याकडे झालेली विक्रीच ग्राह्य धरली गेली. जानेवारीच्या अखेरीस निकडीपोटी माल विकलेला शेतकरी त्यामुळे बाहेर राहिला. बांधावर येणाऱ्या परवाना नसलेल्या खरेदीदाराला ज्याने माल दिला, त्याचीही विक्री गणली गेली नाही. मालाचे प्रमाण कमी, वाहन परवडत नाही आणि हातात रोख तातडीने हवी, अशी स्थिती बहुधा लहान शेतकऱ्याची असते. पट्टी नसलेला व्यवहार त्याच्याच वाट्याला अधिक येतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुराव्याची. अर्जासोबत विक्रीची पट्टी, सातबारा उतारा आणि बँक पासबुक आवश्यक होतेच. त्यातही सातबाऱ्यावर कांद्याची नोंद ई-पीक पाहणीद्वारे झालेली असावी, अशी अट होती. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तीत शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून आपल्या पिकाची नोंद करावयाची असते. २०२२ च्या पावसाळ्याअखेर लावलेल्या कांद्यासाठी ही नोंद निर्णायक ठरणार आहे, हे मार्च २०२३ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. अट मागाहून आली आणि ती पूर्ण करण्याची वेळ आधीच निघून गेली होती. यावर ओरड झाल्यानंतर गावपातळीवरील तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक यांच्या समितीने पाहणी करून दाखला द्यावा, असा मार्ग काढण्यात आला. तोपर्यंत बहुतेक शेतातला कांदा काढून विकला गेला होता. म्हणजे रिकाम्या शेताकडे पाहून तेथे कांदा होता की नव्हता, हे समितीने ठरवायचे होते. शेवटी प्रश्न पुन्हा त्या तिघांच्या विवेकावर आला. आख्यायिकेतील मामलेदाराच्या सद्गुणावर विसंबणारी व्यवस्था या मार्गाने परत अवतरली. फरक एवढाच की आता तपासणी शेतकऱ्याची होती.

संहितेबाहेरचा शेतकरी

सातबारा वडिलांच्या नावे आणि विक्रीची पट्टी मुलाच्या नावे, अशी प्रकरणे ग्रामीण भागात सर्रास आढळतात. त्यांच्यासाठी परस्पर सहमतीचे शपथपत्र घेण्याची तरतूद करण्यात आली. परंतु अनुदानाची रक्कम जमा होणार होती ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात. ही तरतूद सोयीची वाटते, मात्र तिच्यात एक भूमिका दडलेली आहे. पीक ज्याने घेतले त्याच्यापेक्षा जमीन ज्याची आहे त्याचा हक्क तिने श्रेष्ठ मानला. एकत्र कुटुंबात याचा परिणाम कदाचित जाणवणार नाही. वाट्याने किंवा खंडाने जमीन कसणाऱ्याच्या बाबतीत मात्र तो निर्णायक ठरतो. कुळकायद्याच्या भीतीने जमीनमालक असा करार सहसा लेखी करत नाही. परिणामी तोटा ज्याने सोसला त्याच्याकडे कागद नसतो आणि कागद ज्याच्याकडे असतो त्याने तोटा सोसलेला असतोच असे नाही.

हीच अडचण शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्या परंतु सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीची आहे. बागलाणच्या पश्चिम भागात वनजमीन कसणाऱ्या, पण नावावर उतारा नसलेल्या आदिवासी कुटुंबांचीही ती आहे. केंद्र शासनाची २०१९ मध्ये सुरू झालेली वर्षाला ६,००० रुपयांची किसान सन्मान निधी योजना आणि २०२३ पासूनची राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना यांचाही आधार जमीनधारणा हाच आहे. पिकाशी निगडित असलेले अनुदान आणि जमिनीशी निगडित असलेला ‘सन्मान’ या दोन्ही मार्गांनी पैसा अखेर सातबाऱ्यापाशी येऊन थांबतो. त्यामुळे ‘शेतकरी कोण’ या प्रश्नाचे उत्तर शेतात न शोधता अभिलेखात शोधले जाते.

आक्षेप आणि त्याचे मूल्य

कागदाचा आग्रह धरला नाही तर अनुदान शेतकऱ्याऐवजी व्यापारी आणि दलाल लाटतील, हा प्रशासनाचा आक्षेप निराधार नाही. २०२३ च्या अनुदानात बनावट अर्जांच्या तक्रारी राज्यात काही ठिकाणी झाल्या आणि गुन्हेही दाखल झाले. सार्वजनिक पैशाला पुरावा हवाच. रक्कम थेट बँक खात्यात जाण्यामुळे मधली गळती कमी होते, हेही मान्य करावे लागेल. देवमामलेदारांप्रमाणे खजिना उघडावा, अशी अपेक्षा कोणत्याही आधुनिक राज्यव्यवस्थेकडून करता येणार नाही.

प्रश्न पुरावा असावा की नसावा हा नसून तो एकाच बाजूने का मागितला जावा, हा आहे. शेतकऱ्याला अर्ज करण्यासाठी एप्रिल २०२३ मधील मोजके दिवस मिळाले. शासनावर मात्र रक्कम देण्यासाठी तशी मुदत नव्हती. पहिला टप्पा वितरित झाला तो सप्टेंबर २०२३ मध्ये आणि नाशिकसारख्या मोठी मागणी असलेल्या जिल्ह्यांत संपूर्ण रक्कम एकदम न देता ती टप्प्याटप्प्याने देण्यात आली. घेणाऱ्याने तारीख चुकवली तर तो अपात्र ठरतो. देणाऱ्याने विलंब केला तर त्याचे व्याज कोणी मोजत नाही.

याच काळात घडलेली दुसरी घटना अधिक गंभीर आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद राहिले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच लागू झाली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. निर्यात शुल्क पूर्णतः रद्द होण्यास १ एप्रिल २०२५ उजाडले. फेब्रुवारी २०२३ मधील घसरण निर्यातबंदीमुळे झाली नव्हती, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ती प्रामुख्याने आवकेच्या लोंढ्याने झाली. परंतु भाव पडले तेव्हा तो बाजाराचा न्याय मानला गेला आणि सहा महिन्यांनी भाव चढू लागले तेव्हा मात्र बाजाराला आवर घालण्यात आला. पडत्या भावाचे अनुदान हाती पडण्याच्या सुमारासच चढत्या भावाची संधी काढून घेतली गेली. एक निर्णय राज्याचा आणि दुसरा केंद्राचा असला तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही नोंदी एकाच खतावणीत आहेत. निर्यात शुल्कामुळे क्विंटलमागे भाव किती उतरला याचा हिशेब ३५० रुपयांच्या शेजारी मांडून शेतकऱ्याला देण्याची जबाबदारी कोणत्याही शासन निर्णयाने स्वीकारलेली नाही.

समारोप

दान, दाम आणि अनुदान या तिन्ही प्रतिमानांत हिशेबाची दिशा वेगवेगळी आहे. आख्यायिकेत देणाऱ्याचा हिशेब तपासला जातो. सटाणा अधिवेशनात शेतकरी शासनाकडे हिशेब मागतो. अनुदानाच्या शासन निर्णयात शासन शेतकऱ्याकडे हिशेब मागते आणि स्वतःचा मात्र देत नाही. अनुदान या शब्दातील ‘दान’ त्यामुळे केवळ व्युत्पत्तीपुरते उरत नाही, ते व्यवहारात उतरते. ज्याला नुकसानभरपाई म्हणता आले असते त्याला अनुदान म्हटले की हक्काचा दावेदार अर्जदार होतो.

या चिकित्सेतून काही व्यावहारिक अपेक्षाही पुढे येतात. आधारभाव आणि तो न मिळाल्यास द्यावयाच्या रकमेचे सूत्र लागवडीपूर्वी जाहीर व्हावे, म्हणजे अटी मागाहून लादल्या जाणार नाहीत. ती रक्कम प्रत्यक्ष तोट्याशी जोडली जावी. सातबाऱ्याला पर्याय म्हणून प्रत्यक्ष कसणाऱ्याचा दाखला ग्रामसभेच्या संमतीने ग्राह्य धरावा, म्हणजे वाटेकरी, स्त्रिया आणि वनजमीन कसणारे यांना वाट मोकळी होईल. रक्कम देण्यास उशीर झाल्यास व्याजाची तरतूद असावी. निर्यातीवर निर्बंध घालताना त्यामुळे शेतकऱ्याच्या उत्पन्नात होणारी अंदाजित घट शासनाने त्याच वेळी प्रसिद्ध करावी.

यांपैकी काही अपेक्षा खर्चिक आहेत. ग्रामसभेचा दाखला आणि अंदाजित घट प्रसिद्ध करणे या तशा नाहीत. त्या अमलात येत नसतील तर त्याचे कारण पैशाच्या तुटवड्यात शोधून भागणार नाही. सटाण्याच्या यात्रेत आजही गर्दी होते ती हिशेब आपल्या अंगावर घेणाऱ्या मामलेदाराच्या स्मरणार्थ. लोकशाही शासनाने देवत्वाची अपेक्षा बाळगण्याचे कारण नाही; परंतु ज्याच्याकडून हिशेब घ्यायचा त्याला हिशेब द्यायचाही असतो, हा बाजार समितीतील साधा नियम त्याने पाळावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.